लंडन-टोकियो ९,६०० किलोमीटर, मग पावणेअकरा तासांऐवजी चौदा तास का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: लंडन ते टोकियो अंतर नेटवर ९,६०० किलोमीटरच्या आसपास दाखवतं, मोठी विमानं ताशी ९०० ने जातात असं सगळे म्हणतात, म्हणजे पावणेअकरा तासांत पोचायला हवं, पण तिकिटावर जाताना जवळपास चौदा तास आणि येताना त्याहून थोडे जास्तच लिहिलेत. आणि हाच प्रवास २०१९ मध्ये बारा तासांत झाला होता, तर मधल्या काळात विमानं हळू झाली का?

विमानं हळू झाली नाहीत. मी वीसेक वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये काढलीत. विमान निघायच्या आधी त्याने कुठल्या वाटेने जायचं, किती उंचीवर, किती इंधन घेऊन, आणि मध्येच काही झालं तर कुठे उतरायचं हे सगळं जमिनीवर बसून ठरवणारा जो माणूस असतो तो मी. प्रवाशांना आमचं तोंड कधी दिसत नाही, पण स्क्रीनवर विमान असं वाकडं का चाललंय म्हणून ते ज्याला मनात शिव्या घालतात तो बहुतेक वेळा आमच्यातलाच कोणीतरी असतो. तर तुमचा भागाकार बरोबर आहे, पण ज्या दोन आकड्यांचा तुम्ही भागाकार केलाय ना, ते दोन्ही आकडे विमानाच्या उपयोगाचे नाहीत. ९,६०० किलोमीटर विमान उडतच नाही आणि ९०० हा वेग जमिनीवरचा नाहीच.

आधी अंतराचं बघू. नेटवरचं अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोळ्यावर दोन ठिकाणांना जोडणारी सगळ्यात आखूड वाट, शाळेत भूगोलात बृहद्वृत्त म्हणून शिकवलेलं असतं आणि परीक्षा झाली की सगळे विसरतात. घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक लंडनवर आणि दुसरं टोकियोवर धरून ताणा. दोरा लंडनहून पूर्वेकडे जातच नाही, तो सुटतो ईशान्येच्याही वर, जवळजवळ उत्तरेकडे झुकून, नॉर्वे-फिनलंडच्या डोक्यावरून ७१ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि मग सैबेरियावरून खाली टोकियोला उतरतो. टोकियो लंडनच्या चांगलं १६ अंश दक्षिणेला असून वाट मात्र आधी उत्तरेला जाते, हे पहिल्यांदा बघितलं की माणूस दोरा दोनदा तपासतो, मीही तपासला होता.

गणित करायचं असेल तर फार अवघड नाही. दोन शहरांचे अक्षांश-रेखांश सूत्रात घातले की पृथ्वीच्या मध्यापासून त्यांच्यात किती अंशांचा कोन आहे ते निघतं. लंडन-टोकियोचा कोन जवळपास ८६ अंश. एका अंशाचे ६० नॉटिकल मैल, मूळ व्याख्याच ती, म्हणून तर विमानवाले आणि जहाजवाले अजून नॉटिकल मैल सोडत नाहीत. ८६ गुणिले ६० म्हणजे ५,१६०, आणि एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे झाले ९,५५६ किलोमीटर. हे शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं, विमानतळ ते विमानतळ धरलं की थोडं वाढून ९,६०० च्या घरात जातं. पृथ्वी अगदी गोल नाही, ध्रुवांजवळ किंचित चपटी आहे, त्यामुळे साध्या सूत्रात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडतो, म्हणजे फार तर पन्नासेक किलोमीटर, त्यासाठी कोणी भांडू नये.

आता हेच भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून केलंत, म्हणजे होकायंत्राची एकच दिशा धरून लंडनहून टोकियोला गेलात, तर अंतर भरतं साधारण ११,३०० किलोमीटर. पट्टीची सरळ रेष ही खरी सतराशे किलोमीटर लांबची वाट आहे आणि नकाशावर कमानीसारखी वाकडी दिसते ती सरळ. स्क्रीनवर विमान वर ग्रीनलंडकडे चाललेलं दिसलं की शेजारचा प्रवासी म्हणतोच, हा पायलट फिरवून नेतोय. नाही हो, सरळच नेतोय, नकाशा वाकडा आहे. यातलं सगळ्यात गमतीचं उदाहरण सिंगापूर-न्यूयॉर्क. सिंगापूर १०४ अंश पूर्व रेखांशावर, न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिम, बेरीज १७८, म्हणजे दोघं पृथ्वीच्या जवळजवळ बरोबर विरुद्ध रेखांशांवर, त्यामुळे सगळ्यात आखूड वाट थेट उत्तर ध्रुवाला खेटून जाते. अंतर १५,३०० च्या वर, आणि आज नेमाने चालणाऱ्या विमानसेवांमध्ये यापेक्षा लांब विनाथांबा सेवा नाही. पण ही सेवा २०१८ मध्ये न्यूयॉर्कला लागून असलेल्या नेवार्कला पुन्हा सुरू झाली तेव्हा सिंगापूर एअरलाइन्सने स्वतःच १६,७०० किलोमीटर असा आकडा दिला होता. हे वरचे तेराशे-चौदाशे किलोमीटर कुठून आले? ते आमच्यासारख्यांनी मुद्दाम घातलेले असतात, आणि ते घातल्यामुळे विमान लवकर पोचतं. कसं ते सांगतो, पण त्यासाठी आधी वेगाचं बोलायला लागेल.

बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० सारखं विमान साधारण माक ०.८५ ने जातं, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ८५ टक्के. वर ३६-३७ हजार फुटांवर हवा उणे ५६ अंशांच्या आसपास असते, तिथे आवाजाचा वेग ताशी १,०६० किलोमीटरच्या जवळ, त्याचे ८५ टक्के म्हणजे ९०० आणि थोडं. तुमचा ९०० तो हाच. पण हा वेग हवेतला आहे. आणि हवा स्वतः चाललेली असते. वाहत्या नदीत होडी वल्हवणारा माणूस हात किती जोरात मारतो याच्यावर तो काठावरच्या झाडापुढून किती वेगाने सरकेल हे ठरत नाही, पाण्यावरही ठरतं, तसंच हे. विमानाच्या पंखाला जमीन माहीतच नाही, त्याला फक्त हवा कळते.

ही वरची नदी म्हणजे जेट स्ट्रीम. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्याचा पट्टा, सहज ताशी १०० ते २५० किलोमीटर, हिवाळ्यात जपानच्या वर तर ३०० च्याही पुढे जातो. आणि जपानचाच विषय निघालाय म्हणून सांगतो, हा वारा पद्धतशीरपणे पहिल्यांदा मोजला तो वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने, १९२० च्या दशकात, फुगे सोडून. जगाला कळावं म्हणून त्याने अहवाल लिहिला एस्पेरांतो भाषेत, म्हणजे सगळ्या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या पण थोड्यांनाच येणाऱ्या भाषेत, आणि नेमका त्यामुळेच तो फारसा कोणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बर जपानवर आले तेव्हा समोरून आलेल्या वाऱ्याने त्यांचा वेग कुठल्या कुठे गेला, मग बाकीच्यांना कळलं की वर असं काही आहे.

वाऱ्याची ताकद बघायची तर फेब्रुवारी २०२० मधली न्यूयॉर्क-लंडन फ्लाइट आठवा. एरवी साडेसहा-सात तासांचा प्रवास, त्या रात्री अटलांटिकवर मोठं वादळ होतं आणि एक बोइंग ७४७ चार तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं, मध्ये जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. लोकांनी विचारलं, आवाजाचा वेग ओलांडला का? नाही ओलांडला, विमान हवेत आपल्या नेहमीच्याच वेगाने चाललं होतं, हवाच त्याला घेऊन पळत होती. आणि त्याच रात्री उलट्या दिशेने निघालेल्यांचे काय हाल झाले त्याची बातमी होत नाही.

इथे एक गैरसमज असतो की जाताना वारा मागून मिळाला आणि येताना समोरून, म्हणजे हिशोब फिटला. फिटत नाही. ९,६०० किलोमीटर, वेग ९००, वारा नसेल तर एका बाजूला १० तास ४० मिनिटं, दोन्ही मिळून २१ तास २० मिनिटं. आता १०० चा वारा घ्या. मागून असेल तर १,००० चा वेग, ९ तास ३६ मिनिटं. समोरून असेल तर ८०० चा वेग, १२ तास. बेरीज २१ तास ३६ मिनिटं. जाताना वाचले ६४ मिनिटं आणि येताना गेले ८०. वारा जितका जोराचा तितका हा तोटा वाढत जातो, कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकून असता. म्हणून आमचं अर्ध आयुष्य एकाच उद्योगात जातं: जाताना त्या नदीत शिरायचं आणि येताना तिला चुकवायचं.

आणि नाही, पृथ्वी फिरते म्हणून पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे जाताना फायदा होतो असं काही नसतं. हे इतक्या लोकांनी विचारलंय की आता मी उत्तर द्यायच्या आधी पाणी पितो. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, तसं नसतं तर विषुववृत्तावर उभं राहिल्यावर ताशी १,६७० किलोमीटरचा वारा तोंडावर बसला असता. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध एवढाच की जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडेच का वाहतो याच्या मुळाशी ते फिरणं आहे.

फ्लाइट प्लॅनच्या कागदावर आमच्याकडे अंतराचे दोन आकडे असतात, एक ग्राउंड डिस्टन्स आणि एक एअर डिस्टन्स. ग्राउंड म्हणजे खाली जमिनीवर दोरी टाकली तर किती भरेल ते, आणि एअर म्हणजे विमानाने हवेतून किती किलोमीटर कापले ते. नवीन पोरं पहिल्या आठवड्यात ग्राउंडचा आकडा बघतात, नंतर कोणी बघत नाही, कारण इंधन जळतं ते एअर डिस्टन्सवर. समोरचा वारा असेल तर ९,६०० ची फ्लाइट विमानाला ११,००० ची पडते, मागून असेल तर ८,८०० ची. दोन शहरांमधलं अंतर किती असं मला कोणी विचारलं ना, तर माझ्या तोंडात पहिल्यांदा येतं की कुठल्या दिवशी?

एका रात्रीचं सांगतो. जानेवारी महिना, तेरा-साडेतेरा तासांची फ्लाइट, वाट समोरच्या वाऱ्यातून. संध्याकाळी काढलेल्या प्लॅनमध्ये वेळ येत होती १३ तास २० मिनिटं. वाऱ्याचा अंदाज दर सहा तासांनी नवीन येतो, नवा आला आणि मी प्लॅन पुन्हा चालवला तर १३ तास ५५. मधली ३५ मिनिटं दिसायला काही नाहीत, पण हे विमान तासाला सहाएक टन इंधन पितं, म्हणजे साडेतीन टन जास्त, आणि ते साडेतीन टन इतक्या लांब वाहून न्यायला वरती आणखी टनभर लागतं, कारण इंधन न्यायलाही इंधन जळतं. विमान आधीच उड्डाणाच्या कमाल वजनावर होतं. म्हणजे साडेचार टन माल खाली उतरवा. कार्गोवाल्यांचा फोन आला तो काय भाषेत आला ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग मी तीनशे किलोमीटर दक्षिणेकडून जाणारी लांबची वाट चालवून बघितली, वाऱ्याच्या पट्ट्याच्या कडेने जाणारी, आणि ती निघाली १३ तास ३१ मिनिटांची. लांबून जाऊन २४ मिनिटं लवकर. टनभर माल खाली राहिला, बाकीचा विमानातून गेला. कॅप्टन कागद बघून एवढंच म्हणाला की प्रवाशांना स्क्रीनवर हे दिसणार आहे, कोणीतरी विचारेल, आणि सही करून गेला.

सगळ्यांना माहीत असलेलं याचं मोठं उदाहरण म्हणजे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को. ही सेवा २०१५ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली तेव्हा विमान अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडून जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर, सोळा तासांच्या पुढे. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियाने जातानाची वाट उलटी फिरवली, पूर्वेकडे, पॅसिफिकवरून. अंतर झालं १५,३०० आणि वेळ आली साडेचौदा तासांवर. चौदाशे किलोमीटर जास्त आणि दीड तास कमी. आता सांगा, या दोन शहरांमधलं अंतर प्रवाशाला सांगून काय उपयोग झाला?

आता तुमच्या मूळ प्रश्नातला दुसरा अर्धा भाग, बारा तासांचे चौदा का झाले. तो वाऱ्याचा नाही, परवानगीचा आहे. दोरा आठवा, तो बराचसा रशियावरून जातो. फेब्रुवारी-मार्च २०२२ पासून युरोपच्या, ब्रिटनच्या आणि अमेरिकेच्या विमान कंपन्यांना रशियाची हवाई हद्द बंद आहे, जपानी कंपन्याही तिथून उडत नाहीत. मग राहिल्या दोन वाटा. एक दक्षिणेकडून: युरोप उतरून तुर्की, कॉकेशस, कॅस्पियन समुद्र, कझाकस्तान, चीन आणि मग जपान, अकरा हजार किलोमीटरच्या वर. आणि दुसरी टोकियोहून निघून पॅसिफिक, अलास्का, कॅनडाचा उत्तर भाग, ग्रीनलंड, आइसलंड करत लंडन. टोकियो ते अलास्कातलं अँकरेज साधारण साडेपाच हजार आणि अँकरेज-लंडन ७,२००, म्हणजे जवळपास १२,७००.

लंडनहून टोकियोला जाताना दक्षिणेची वाट बरी, वारा मागून मिळतो. टोकियोहून परत येताना तीच वाट धरली तर चौदा तास समोरचा वारा खायला लागेल, म्हणून कितीतरी फ्लाइट्स दुसऱ्या वाटेने येतात, अलास्कावरून, म्हणजे परत येतानाही पूर्वेकडेच तोंड. हजार-दीड हजार किलोमीटर जास्त असूनही ती परवडते. हेलसिंकी-टोकियोवाल्यांचे हाल तर याहून वाईट, कारण तिथल्या कंपनीने धंदाच या आखूड वाटेवर उभा केला होता, साडेनऊ तासांत जपान. ते झालं तेरा तास, आणि कधी कधी विमान सरळ उत्तर ध्रुवावरून येतं.

यात जुन्या लोकांना काही नवीन वाटत नाही. शीतयुद्धात सोव्हिएत हद्द बहुतेकांना बंदच होती, १९५७ मध्ये कोपनहेगनहून ध्रुवावरून टोकियोला सेवा सुरू झाली ती अँकरेजला थांबून, आणि पुढे कित्येक वर्षं युरोप-जपान प्रवासात अँकरेज म्हणजे पाय मोकळे करायची जागा होती. आता विमानांना थांबायला लागत नाही एवढाच फरक, वाट तीच जुनी.

म्हणून एकाच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांची वेळ वेगळी असू शकते, आणि त्यात एकीचं विमान जुनं आणि दुसरीचं नवीन असा काही प्रकार नसतो. चिनी कंपन्यांना रशिया अजून मोकळा आहे, त्यामुळे लंडन-बीजिंग त्या सरळ नेतात आणि ब्रिटिश कंपनीला वळसा घालावा लागायचा, ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रिटिश एअरवेजने ती सेवा थांबवलीच. २०२५ च्या एप्रिलपासून भारतीय कंपन्यांना पाकिस्तानची हद्द बंद झाली तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांचंही तेच झालं, अमेरिकेच्या काही फ्लाइट्सना तर इंधनासाठी व्हिएन्नाला उतरायला लागलं. नकाशावर शहरं जिथल्या तिथेच आहेत.

वारा आणि हद्द सोडून तिसरी अडचण असते ती म्हणजे आडबाजूला एक इंजिन बंद पडलं तर? दोन इंजिनांच्या विमानाला नियम असा की एका इंजिनावर ठरावीक मिनिटांत पोचता येईल असा विमानतळ कायम आवाक्यात हवा. पूर्वी ही मुदत ६० मिनिटं होती, आता ७८७ ला ३३० मिनिटांपर्यंत आणि ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंत मंजुरी मिळते, कंपनीने तशी तयारी केली असेल तर. पण विमानतळ आहे एवढं पुरत नाही, त्या वेळी तिथे हवामान ठीक पाहिजे, धावपट्टीवरचा बर्फ काढलेला पाहिजे. अलास्काच्या टोकाला कोल्ड बे म्हणून एक जागा आहे, मोजकी घरं आणि तीन किलोमीटरची धावपट्टी, मी कधी गेलो नाही पण तिथे धुकं आहे का हे मी आयुष्यात माझ्या स्वतःच्या गावापेक्षा जास्त वेळा बघितलं असेल. तिथे धुकं असलं की वाट दक्षिणेकडे सरकते आणि प्रवाशांची दहा मिनिटं जातात. ध्रुवाकडे थंडीचंही बघायला लागतं, जेट ए-१ इंधन उणे ४७ ला गोठायला लागतं, टाकीतलं तापमान त्याच्या जवळ गेलं की पायलट खालच्या जरा उबदार हवेत उतरतो नाहीतर वेग वाढवतो. दोन्हीत इंधन जास्त जातं.

आता तिकिटावरच्या वेळेबद्दल. तिकिटावर जे तास लिहिलेले असतात तो उडण्याचा वेळ नसतो, तो ब्लॉक टाइम, म्हणजे विमान गेटवरून मागे ढकललं तेव्हापासून ते दुसऱ्या गेटवर उभं राहून चाकांना चोक, म्हणजे अडवणारे ठोकळे, लागेपर्यंत. यात टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवर हळूहळू चालत, धावपट्टीपर्यंत जायची पंधरा ते तीस मिनिटं आली, उतरल्यावरची दहा-पंधरा आली. वर चढताना आणि खाली उतरताना विमान ९०० ने जात नाही, त्यात मिळून पंधरा-वीस मिनिटं जातात. लंडनच्या हीथ्रोसारख्या विमानतळावर उतरायच्या आधी आकाशात गोल फिरत रांग लावायला लागते, चार ठरलेल्या जागा आहेत तिथे, बॉव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकहॅम, बिगिन. म्हणून कंपन्या वेळापत्रकात थोडी हवा भरून ठेवतात, आणि मग विमान वीस मिनिटं उशिरा सुटूनही वेळेवर पोचल्याची घोषणा ऐकू येते. लबाडी म्हणा हवं तर, पण पुढची कनेक्टिंग फ्लाइट चुकण्यापेक्षा ही लबाडी बरी. पायलटने जरा जोर लावला तर किती फरक पडतो असंही विचारतात. माक ०.८३ ऐवजी ०.८५ ने गेलात तर ९,६०० किलोमीटरमध्ये पंधरा मिनिटं वाचतात, आणि त्यासाठी जे इंधन जळतं त्याचा हिशोब आमच्या टेबलावर येतो, त्यामुळे जोर क्वचितच लावतात.

घरबसल्या अंदाज काढायचा असेल तर माझा ठोकताळा असा, नेटवरचं अंतर घ्या, ८५० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. ९,६०० भागिले ८५० म्हणजे ११.३, अधिक अर्धा तास, पावणेबारा-बारा. २०१९ चा तुमचा प्रवास बरोबर यात बसतो. लांबच्या पूर्व-पश्चिम प्रवासात पूर्वेकडे जाताना यातून थोडं वजा करा, पश्चिमेकडे येताना मिळवा, हिवाळ्यात जास्त. उत्तर-दक्षिण प्रवासाला हा फरक जवळजवळ लागत नाही. आणि हद्द बंद असेल तर ठोकताळा विसरा, सरळ फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर तो फ्लाइट नंबर टाका आणि मागच्या आठ-दहा दिवसांत ते विमान खरंच किती वेळात गेलं ते बघा, शक्यतो त्याच महिन्याचं. त्याच्यापुढे माझा वीस वर्षांचा अनुभव काही नाही. मध्ये थांबा असेल तर दोन्ही तुकडे वेगळे मोजा, उदाहरणार्थ लंडन-दुबई साडेपाच हजार, दुबई-टोकियो सात हजार नऊशे, आणि मधले तास वेगळे.

घड्याळाने मात्र कधीच मोजू नका. लंडनहून हिवाळ्यात सकाळी ९:३० ला निघालात आणि टोकियोला दुसऱ्या दिवशी सकाळी ८:२० ला उतरलात तर वजाबाकी २२ तास ५० मिनिटं येते आणि घरचे घाबरतात. टोकियो ९ तास पुढे आहे, ते काढले की १३ तास ५०. उलट टोकियोहून सकाळी ८ ला निघून लंडनला त्याच दिवशी दुपारी दीडला उतरलात की साडेपाच तासांत आल्यासारखं वाटतं, त्यात ९ मिळवा, साडेचौदा. उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ तासभर पुढे जातं आणि जपानचं जात नाही, तेव्हा ९ च्या जागी ८ धरा, इथे भलेभले चुकतात.

आणि तुमची परतीची फ्लाइट अलास्कावरून येणारी असेल तर एक गंमत लक्षात ठेवा. जातानाही पूर्वेकडे, येतानाही पूर्वेकडे, म्हणजे तुम्ही पृथ्वीला पूर्ण फेरी मारून घरी येता. जाताना घड्याळ ९ तास पुढे करायचं, येताना पूर्वेकडेच जात राहिल्याने खरं तर आणखी १५ तास पुढे करायला हवं, मिळून २४. तो जास्तीचा दिवस अलास्काच्या अलीकडे वाररेषा, म्हणजे जिथे तारीख बदलते ती रेषा, ओलांडताना परत काढून घेतला जातो, तुम्ही तेव्हा बहुतेक झोपलेले असता.